चौदाशे बारा ठिकाणचा त

त्या सकाळी आलेली तक्रार नाशिकजवळच्या एका शाळेतून होती. "पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे टी, ए, आय अशी अक्षरं दाबली," तिथल्या बाईंनी लिहिलं होतं. "पाटीवर 'टाई' उमटलं आणि पाटी मोठ्यानं 'टाई' म्हणाली. ज्या मुलाला 'माझी ताई' लिहायचं होतं, त्याला आता वर्गात सगळे टाय म्हणून चिडवतात. काय चुकतंय ते कृपया कळवावं."

सीतालक्ष्मीबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. काय चुकतंय ते त्यांना पाठ होतं. उत्तरही पाठ होतं. या वर्षातली ही एकेचाळिसावी तक्रार, आणि चाळीस वेळा त्यांनी तेच उत्तर हातानं टाइप केलं होतं. जुनं उत्तर उचलून चिकटवणं त्यांना जमत असे, पण विचारणारा नवा असतो, त्याला शिळं उत्तर कसं द्यायचं, असं त्यांना वाटे.

"परत टाई?" आतून कनकानं विचारलं. कनका ही त्यांची धाकटी बहीण. एग्मोर स्टेशनामागच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दोघीच राहत.

"परत टाई."

"सांग त्यांना, चेन्नईच्या उकाड्यात टाय कोणी घालत नाहीं म्हणून."

बाई हसल्या नाहीत. त्या दमल्या होत्या. चौतीस वर्षं मुलींच्या वह्या तपासून त्या निवृत्त झाल्या, तेव्हाही इतक्या दमल्या नव्हत्या.

बोलकी पाटी हा संगणकावरचा एक छोटा प्रोग्रॅम. मुलानं इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द टाइप करायचा. पाटी तो देवनागरीत दाखवते आणि वाचूनही दाखवते. बाईंच्या भावाचा मुलगा वेंकट, त्यानं तो दहा वर्षांपूर्वी लिहिला, तोही घरच्यांसाठी. तंजावरहून चेन्नईत आलेल्या मराठी घरांतली मुलं घरी मोडकीतोडकी मराठी बोलतात, पण त्यांना अक्षरं येतात ती तमिळ आणि इंग्रजी. शनिवारच्या वर्गात बाई त्यांना मराठी वाचायला शिकवत आणि पाटी हाताशी असे. प्रोग्रॅम फुकट होता, त्याचा कोडही सगळ्यांना उघडा. ज्याला सुधारणा सुचेल त्यानं ती करून पाठवावी, राखणाऱ्यांनी तपासून आत घ्यावी. राखणारे दोघं. कोड वेंकट तपासे, माहितीची पानं बाई.

पाच वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या लोकांना पाटी सापडली. शिक्षक, इंजिनियर, कॉलेजातली मुलं, अशी तीसेक माणसं हौसेनं येऊन मिळाली. त्यांनी माहितीची सगळी पानं नव्यानं लिहून काढली, आणि तिथंच घोटाळा झाला.

चेन्नईत त लिहायचा तो टी-एच. लता, सविता, गीता, सगळ्यांच्या नावात टी-एच. नुसता टी म्हणजे ट. शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत यात कोणाला शंका येत नाही. महाराष्ट्रात मात्र नुसता टी म्हणजे त, आणि टी-एच म्हणजे थ. दोघांचंही आपापल्या गावी बरोबर. पण पाटीचा कोड होता चेन्नईचा आणि पानं झाली महाराष्ट्राची.

ती पानं बाईंनीच तपासली होती, हे त्यांना सगळ्यात जास्त बोचे. शब्दन्‌शब्द वाचला होता. 'टी, ए, आय' या ओळीवर त्यांचं बोट थांबलंही होतं. पण काय सुंदर मराठी होती ती! त्यांच्या घरात बोलली जाते ती शेदोनशे वर्षांपूर्वीची, तमिळ मिसळलेली, आणि ही ताजी, धुतल्यासारखी. पुण्यानाशिकची माणसं मराठीत चुकतील कशी? आपलंच काहीतरी जुनाट असेल. असं म्हणून त्यांनी 'ठीक आहे' लिहिलं होतं. आयुष्यभर हेडमिस्ट्रेसच्या चुका काढणाऱ्या बाई, आणि त्या दिवशी लाजल्या.

मे महिन्यातल्या एका रविवारी विश्वजित घरी आला. हा सांगलीचा, गिंडीतल्या एका ऑफिसात नोकरीला, वर्षभरापूर्वीच चेन्नईत आलेला. पाटीच्या कामात तो सगळ्यांत चिकाटीचा. वेंकटलाही बाईंनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तो श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात पाळीवर; आठवड्याचा एक रविवार मिळे, तोही कधीकधी.

"बाई, सगळं तयार आहे," विश्वजित लॅपटॉप उघडत म्हणाला. "कोड, पानं, नमुन्याचे धडे, सगळीकडे मिळून चौदाशे बारा ठिकाणं निघाली. सगळीकडे एकच लेखन. नुसता टी म्हणजे त, टी-एच म्हणजे थ, आणि टसाठी मोठा टी. तुम्ही दोघांनी हो म्हटलंत की आत जाईल."

"एक म्हणजे तुमचें," वेंकट म्हणाला.

"तुमचं-आमचं नाही हो, दादा. तीस जण तसंच लिहितात."

"आम्हीं दोघेंच लिहितों, म्हणून आमचें चूक-आ?"

"चूक नाही म्हणालो मी."

"अत्या, तूच पाहा." वेंकट बाईंकडे वळला. "मदत करणाऱ्यांच्या यादीत तुझें नांव टी-एच घालून आहे. उद्यां पाटीला वाचायला सांगशील तर काय म्हणेल? सीथालक्ष्मी!"

कनका कॉफीचे पेले घेऊन आली होती, ती दारातच थांबली. "सीथा? अय्यो, अक्का, या वयांत नांव बदलतेस?"

"नावाचं सोड," बाई म्हणाल्या. "विश्वजित, पाटीत एक सेटिंग नाही का ठेवता येणार? चेन्नईचं आणि महाराष्ट्राचं?"

"ठेवून पाहिलं, बाई. शाळेत एका मशीनवर पाच मुलं बसतात. एक जण बदलतो, दुसऱ्याचं बिघडतं. तक्रारी तिप्पट होतील." तो जरा घुटमळला. "आणि एक सांगायचं होतं. ग्रुपवर लोक कंटाळलेत. जूनअखेरपर्यंत एकसारखं झालं नाही, तर कोडची प्रत घेऊन वेगळी पाटी काढायची असं चाललंय. उघडा कोड आहे, कोणी अडवू शकत नाही. मला ते नकोय. पण मग इकडे उरणार तुम्ही दोघं."

इकडे दोघं म्हणजे काय, ते बाईंना कळत होतं. वेंकटला पाळीतून वेळ नाही, त्यांना कोड येत नाही. दोनेक वर्षांत नव्या मशीनवर जुनी पाटी चालेनाशी होईल, आणि शनिवारच्या वर्गातली बावीस मुलं परत तमिळ अक्षरांत मराठी लिहू लागतील.

"ती मुलांची लिहिलेलीं पानें?" वेंकट एकदम म्हणाला. "त्यांचें काय करशील?"

"कुठली पानं?" विश्वजितनं विचारलं.

तेव्हा ते बाहेर आलं. वेंकटनं पाटी लिहिली तेव्हा तो नवशिका होता. मुलानं लिहिलेलं तो देवनागरीत साठवत नव्हता. मुलानं दाबलेली इंग्रजी अक्षरंच साठवत होता, आणि उघडताना पाटी त्यांची देवनागरी करून दाखवी. म्हणजे नियम बदलला की दहा वर्षांत मुलांनी लिहिलेलं सगळं बदललं. प्रत्येक तचा थ, प्रत्येक टचा त.

"एवढंच ना?" विश्वजितचा चेहरा उजळला. "मशीननं सगळ्या फाईली एकदम बदलू. जुना टी-एच तिथे टी, जुना टी तिथे मोठा टी. पाच मिनिटांचं काम."

वेंकट हळू आवाजात म्हणाला, "मध्यें सात महिने उलटें होतें."

तीन वर्षांपूर्वी, दुसरी पाळी आणि घरचं आजारपण एकदमच आलेलं असताना, कोणीतरी पाठवलेली दुरुस्ती त्यानं न बघता आत घेतली होती. सात महिने पाटी महाराष्ट्रासारखी वागत होती. वर्गातल्या मुलांनी आठवड्याभरात बोटांची सवय बदलली, मुलं बदलतात. मग वेंकटच्या ध्यानात आलं, त्यानं ती दुरुस्ती परत फिरवली, आणि मुलांनीही परत बोटं बदलली. त्या सात महिन्यांतल्या फाईली आज उघडल्या तर वाकड्यातिकड्या दिसतात. पण जुनी वही उघडतं कोण?

"मग तारखेवरून वेगळ्या काढू," विश्वजित म्हणाला.

"पेन ड्राइव्हवरून मशीन दोनदां बदललें. सगळ्यांवर एकच तारीख."

बाईंनी विश्वजितला फाईली उघडायला सांगितल्या. अकराशे साठ होत्या. त्यानं तिथंच बसून मशीनकडून चाळून घेतलं: ज्यांत मोठा टी सापडला त्या सात महिन्यांतल्या, ज्यांत जुन्या पद्धतीचे ओळखीचे शब्द सापडले त्या जुन्या. आठशे तेरा सुटल्या. तीनशे सत्तेचाळीस कुठल्या, ते मशीनला सांगता येईना.

त्यांतली एक विश्वजितनं वाचली आणि तो खुदकन हसला. "'आजीनं देवापुढं वाट लावली.' बाई, काय केलं हो आजीनं?"

"वात लावली असेल, अजून काय?" बाई म्हणाल्या. आणि बोलता बोलताच त्यांना कळलं की हे काम कोणाचं आहे. मशीनला वाट आणि वात यांतलं कळत नव्हतं. देवापुढं आजी काय लावते हे ज्याला ठाऊक, त्यालाच ते कळणार. म्हणजे वह्या तपासायच्या. परत.

"नकोच तें," वेंकट उठला. "जसें आहे तसें राहूं दे. त्यांना जायचें तर जाऊं दे. आपलें आपल्याजवळ राहील."

"किती दिवस राहील रे?"

"राहील तितके दिवस."

"आणि मग?"

कॉफी तशीच ठेवून वेंकट गेला. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

बाईंनी बुधवारपर्यंत विचार केला. विचार करण्यासारखं खरं तर फारसं नव्हतं. एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेली असली की शिकणाऱ्याला वाटतं, चूक आपलीच. हे त्यांनी वर्गात हजारदा पाहिलं होतं. फळ्यावर एक आणि पुस्तकात दुसरं दिसलं की धीट मूल विचारतं, आणि बाकीची एकोणचाळीस गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यातच त्यांचा विषय सुटतो. नाशिकच्या त्या मुलानं 'माझी ताई' पुढं लिहिलं असेल का? बाईंची खात्री होती, नसेल.

पण आपल्या हातानं आपल्या घरचं लेखन पुसायचं. वडिलांनी शिकवलेलं, सहीतलं. तीस जण विरुद्ध दोघं, म्हणून. बरोबर-चूक असतं तर सोपं होतं. इथं दोन्ही बरोबर होतं, आणि एक काढायचं होतं.

बुधवारी दुपारी त्यांनी विश्वजितच्या बदलाखाली लिहिलं: 'मान्य. मुलांची पानं तपासून होईपर्यंत नवी आवृत्ती बाहेर काढू नये. ती मी तपासते.' संध्याकाळी वेंकटचं उत्तर आलं, दोनच ओळींचं. राखणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढावं. इथून पुढं मी नाही.

मग सुरू झालं ते काम. सकाळी पूजा झाली की बाई बसत. दिवसाला दहा फाईली, चांगला दिवस असला तर पंधरा. वीज गेली की पंखा बंद पडे आणि कनका विंझणा घेऊन बाजूला बसे.

"अक्का, ही शरण्या काय लिहिते पाहा. 'माझ्या पोटात कता आहे.' पोटांत कता?"

"पोट बरोबर आलं म्हणजे फाईल जुनी. कता म्हणजे कथा."

"मग थ कर की. चूक दिसत्ये."

बाईंचं बोट कळीवर गेलं आणि थांबलं. चौतीस वर्षांची सवय होती ती. चूक दिसली की लाल शाई. पण शरण्यानं जुन्या नियमानं लिहिलं होतं, पाटीनं तिला 'कता'च दाखवलं होतं, आणि ते बघून ती खूश होऊन पुढच्या ओळीला गेली होती. तमिळ कानाला त आणि थ यांत फरक नाही. आपल्याला पाटीचं लेखन एक करायचं आहे. शरण्याची वही नाही तपासायची.

"राहू दे कता," त्या म्हणाल्या. "तिची आहे ती."

"पोटांतली आहे," कनका म्हणाली, आणि पहिल्यांदाच दोघी हसल्या.

असं करता करता जून उजाडला. डोळे दुखत. मान धरे. कितीदा त्यांना वाटलं, कोणाला कळणार आहे? ढकलावं सगळं मशीनवर. पण एखादी फाईल उघडे आणि त्यात व्यंकोजी नावाच्या सात वर्षांच्या मुलानं आपल्या कुत्र्याला पत्र लिहिलेलं असे, आणि तो कुत्र्याला 'थू ये' म्हणतोय की 'तू ये', हे बघितल्याशिवाय पुढं जाता येत नसे. विश्वजित ऑफिस सुटल्यावर येऊन तपासलेल्या फाईली आत घेऊन जाई. ग्रुपवर त्यानं भांडून पंधरा दिवस वाढवून घेतले होते. वेंकटचं नाव कोणी काढत नव्हतं, बाई तर नाहीच.

तीनशे दोनावी फाईल श्रीनिधीची होती. श्रीनिधी वेंकटची मुलगी, आता दहा वर्षांची. सगळी फाईल पाच ओळींची. 'आम्ही बीचला गेलो. आम्मा आली. अक्का आली.' चौथी ओळ अप्पाबद्दल होती. 'अप्पा', मग एस, दोन ए, टी-एच, मग 'आला नाही'. शेवटची ओळ: 'मी सुंडल खाल्लं.'

बाईंनी ती तीनदा वाचली. जुना नियम असेल तर 'अप्पा सात आला नाही': सात वाजता येतो म्हणाला होता, आला नाही. सात महिन्यांतली असेल तर 'अप्पा साथ आला नाही': आमच्याबरोबर आलाच नाही. बाकीच्या चार ओळींत ना त, ना ट, ना थ. सुंडलच्या उसळीवरून काही कळत नव्हतं.

त्यांनी वेंकटला निरोप पाठवला. भांडणाबद्दल काही लिहिलं नाही. फक्त, 'एक शब्द लागत नाही. तुझ्या घरचा आहे.'

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या बसमधून उतरून तो तडक आला, पाळीच्या निळ्या शर्टात. कनकानं न विचारता ताक दिलं. त्यानं उभ्यानंच पडदा वाचला. मग बसला.

"सात असेल," तो म्हणाला. "सात लिही, अत्या."

"आठवतं तुला?"

"आठवत नाहीं. पण सात लिही. सात म्हणजे उशीर झाला, येवढेंच."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या वर्गातून गेलेल्या कोणालाही ती नजर ओळखता आली असती. वेंकटनं फोन काढला, लेकीला लावला, तिच्याशी तमिळमध्ये बोलला. बीचवर गेला होतात, आठवतंय का, मी आलो नव्हतो. पलीकडून श्रीनिधीचा आवाज स्पष्ट आला, अजिबात रागाचा नव्हता. तिनं फक्त विचारलं, "कुठल्या दिवशी, अप्पा?"

त्यानं फोन ठेवला. न आलेले दिवस त्यालाही मोजता आले नसते. खालून स्टेशनातली घोषणा येत होती, तमिळमध्ये, मग हिंदीत, मग इंग्रजीत.

"साथ," तो म्हणाला. "टी-एच घाल. नव्या नियमाचा."

बाईंनी घातला. पाटीच्या नव्या आवृत्तीनं आपल्या सपाट आवाजात ओळ वाचून दाखवली. दोघांनी ऐकून घेतली.

"माझें नांव काढलेंस यादींतून?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"वेळ कुठे होता?"

"महिना झाला, अत्या."

"तीनशे सत्तेचाळीस फाईली होत्या. तू मोजून बघ."

वेंकटनं शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि खुर्ची पुढं ओढली. "किती उरल्या?"

"पंचेचाळीस."

"तूं वाचूं नको आतां. डोळे पाहा कसे झालेत. मी वाचतों, तूं सांग." त्यानं पुढची फाईल उघडली. भव्या नावाच्या मुलीची होती, सर्कशीवर. पहिल्याच ओळीत हत्ती होता, आणि तो हत्ती आहे की हट्टी, हे ठरवायला त्यांना चांगली दहा मिनिटं लागली.